ग्रहणात रेडिओने सूर्याचा वेध : सोलापुरात आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२ ऑगस्ट २०२७ च्या सूर्यग्रहणासाठी आम्ही काही शिक्षक आणि आमचे विद्यार्थी गच्चीवर तालीम करतो. टीव्हीची जुनी डिश सूर्याकडे वळवायची, त्याच्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरी मोजायच्या आणि आकडे वहीत उतरवायचे, असा हा उद्योग आहे. भर उन्हात डिश फिरवणारी मुलं पाहून शेजारी थांबतात, पालक थांबतात, पाण्याचे जार द्यायला आलेला मुलगासुद्धा दोन मिनिटं थांबतो आणि विचारतो. तेच तेच विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

ग्रहण ही डोळ्यांनी बघायची गोष्ट. त्यात रेडिओ कुठून आला?

सूर्य उजेड देतो तशाच रेडिओ लहरीही देतो. डोळ्यांना दिसतो तो सूर्याचा दीप्तिगोल. त्याचं तापमान साधारण साडेपाच हजार अंश सेल्सिअस. त्याच्यावर वर्णगोलाचा पातळ थर आहे आणि त्याच्याही वर दूरवर पसरलेला करोना, म्हणजे प्रभामंडल. करोनाचं तापमान दहा लाख अंशांच्या पुढे जातं, पण तो इतका विरळ आहे की दीप्तिगोलाच्या झगमगाटात रोज हरवून जातो. डोळ्यांना तो दिसतो फक्त खग्रास ग्रहणात, मोजून काही मिनिटं.

रेडिओला ही अडचण नाही. रेडिओच्या लांब तरंगलांबीवर करोना स्वतःच चमकतो, आणि रोज चमकतो.

आपण तरंगलांबी बदलली की सूर्याचा वेगळा थर समोर येतो. (तरंगलांबी जितकी लांब, तितकी वारंवारता कमी.) सूर्यावरच्या वायूत सुटे इलेक्ट्रॉन असतात. ते जितके दाट, तितक्या कमी वारंवारतेच्या लहरी आतच अडकतात, बाहेर पडू शकत नाहीत. एका घनसेंटीमीटरमध्ये दहा कोटी इलेक्ट्रॉन असतील तर सुमारे ९० मेगाहर्ट्झच्या खालच्या लहरींना तिथून वाट नाही. म्हणून आपल्या एफएम पट्ट्याच्या वारंवारतेवर सूर्य ‘पाहिला’ तर करोना दिसतो, आणि डीटीएचच्या १२ गिगाहर्ट्झवर पाहिला तर खालचा वर्णगोल. सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या राशी बघत वाढलेल्या मुलांना हे सांगायला मला सोपं जातं. वारंवारता वाढवत गेलात की कांद्याचा एकेक पापुद्रा सोलत आत जाता.

मग रोजच मोजा की. ग्रहणच कशाला हवं?

सगळ्यात चांगला प्रश्न हाच. आठवीतल्या एका मुलीने विचारला होता, आणि मला उत्तर नीट जमवायला दोन दिवस लागले.

रेडिओ दुर्बिणीची नजर अंधुक असते. तरंगलांबी जितकी मोठी आणि डिश जितकी लहान, तितकं चित्र फिसकटतं. आपली साठ सेंटीमीटरची डिश १२ गिगाहर्ट्झवर आकाशाचा सुमारे अडीच-तीन अंशांचा तुकडा एकदम बघते. सूर्याचं अख्खं बिंब जेमतेम अर्ध्या अंशाचं. म्हणजे डिशला सूर्य हा एक ठिपका. त्याच्या पूर्वेकडे काय आहे, पश्चिमेकडे काय, कडेला किती, मधे किती, यातलं काहीच तिला वेगळं कळत नाही.

आता गड्ड्याच्या यात्रेतली रोषणाई आठवा. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वर मंदिरावर दिव्यांच्या माळा असतात. चष्मा काढून तलावाच्या पलीकडून बघितलं तर नुसता एक तेजाचा पुंजका दिसतो. समजा, त्या पुंजक्यासमोरून कोणी काळा पुठ्ठा सावकाश सरकवत नेला आणि तुम्ही एकूण उजेड मोजत राहिलात. पुठ्ठा एखाद्या मोठ्या दिव्यावर आला की उजेड एकदम खाली येईल. साध्या दिव्यांवरून जाताना हळूहळू उतरेल. कोणत्या क्षणी किती उतरला ते लिहून ठेवलंत, तर मोठा दिवा कुठे आहे हे चष्म्याशिवायही सांगता येईल.

ग्रहणात चंद्र तो पुठ्ठा होतो. त्याला हवा नाही, त्यामुळे त्याची कड धारदार आहे. ती सूर्यावरून कोणत्या क्षणी कुठे असेल हे गणिताने आधीच पक्कं माहीत असतं. एका सेकंदात ती जास्तीत जास्त अर्धी विकला सरकते. (एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला. पंचांग वाचणाऱ्यांना हे सांगायला नको.) लहरी कडेवरून थोड्या वळतात, त्यामुळे धारेलाही मर्यादा येते, पण अडीच सेंटीमीटर तरंगलांबीवर, म्हणजे १२ गिगाहर्ट्झवर, ती मर्यादा एक-दोन विकलांचीच आहे. इतका बारकावा एकट्या डिशने मिळवायचा तर ती तीन ते पाच किलोमीटर रुंद लागेल, म्हणजे जुनं सोलापूर झाकून टाकणारी. आमच्या गच्चीवरच्या यंत्राचा खरखराट इतका असतो की आम्ही त्या टोकापर्यंत पोचत नाही, हे खरं. पण साठ सेंटीमीटरच्या डिशला सूर्याची एक बाजू दुसरीपासून वेगळी ओळखता येते ती फक्त त्या एक-दीड तासात.

हे पहिल्यांदा कोणाला सुचलं?

सूर्याच्या रेडिओ लहरी सापडल्या त्याच मुळी युद्धात. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश लष्कराच्या रडारांवर जोराचा अडथळा यायला लागला. शत्रूचं काम असेल असा संशय होता. शास्त्रज्ञ जेम्स हे (Hey) यांनी तपास केला तेव्हा सगळ्या रडारांचा रोख सूर्याकडे जात होता आणि सूर्यावर तेव्हा एक मोठा डाग होता. युद्ध संपेपर्यंत ही गोष्ट गुप्त राहिली.

युद्ध संपताच रडारची यंत्रं हाताशी आली आणि लोकांनी ती ग्रहणांकडे वळवली. ९ जुलै १९४५ च्या ग्रहणात रॉबर्ट डिकी आणि रॉबर्ट बेरिंजर यांनी सव्वा सेंटीमीटर तरंगलांबीवर सूर्य मोजला. पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो कॅनडातला आर्थर कव्हिंग्टन यांचा वेध, २३ नोव्हेंबर १९४६ चा. ग्रहण खंडग्रास होतं, ठिकाण ऑटावा, तरंगलांबी १०.७ सेंटीमीटर, आणि डिश रडारच्या उरल्यासुरल्या सामानातली, आपल्या डिशच्या दुप्पट रुंदीची. चंद्राची कड एका मोठ्या सौरडागांच्या समूहावर आली आणि रेडिओची पातळी झपकन उतरली. कड पुढे सरकून समूह मोकळा झाला तशी पुन्हा चढली. त्या छोट्याशा जागेचं रेडिओ तापमान पंधरा लाख अंशांच्या घरात निघालं. डोळ्यांना जो डाग काळा दिसतो, त्याच्या माथ्यावर रेडिओत वणवा पेटलेला असतो, हे एका खंडग्रास ग्रहणात कळलं. कव्हिंग्टन यांनी पुढे १९४७ पासून रोज तेच माप घेणं चालू ठेवलं, आणि १०.७ सेंटीमीटरचा तो आकडा सूर्य किती सक्रिय आहे हे सांगण्यासाठी जगभर आजही वापरतात.

२० मे १९४७ ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘ग्रिबोयेदोव’ या सोव्हिएत जहाजावरून खायकिन आणि चिखाचेव यांनी खग्रास ग्रहण दीड मीटर तरंगलांबीवर मोजलं. सूर्य पूर्ण झाकला गेला तरी रेडिओ लहरींचा सुमारे ४० टक्के भाग येतच राहिला. करोना लाखो अंश तापलेला आहे आणि मीटरच्या तरंगलांबीवर तोच बोलतो, हा सिद्धांत आदल्या वर्षी मांडला गेला होता. त्याचा पुरावा असा समुद्रावर मिळाला.

१ नोव्हेंबर १९४८ ला ऑस्ट्रेलियात ख्रिस्तियनसन, याब्सली आणि मिल्स यांनी एक पाऊल पुढे टाकलं. एका ठिकाणाहून मोजलं तर चंद्राच्या कडेची फक्त रेघ मिळते, तेजस्वी जागा त्या रेघेवर नेमकी कुठे हे कळत नाही. त्यांनी एकमेकांपासून दूर अशा तीन ठिकाणांहून मोजलं. प्रत्येक ठिकाणाहून चंद्र थोडा वेगळा सरकलेला दिसतो, त्यामुळे तीन रेघा मिळाल्या आणि त्या जिथे छेदल्या तिथे ती जागा.

या गोष्टीचा धागा आपल्या महाराष्ट्रात येतो. ख्रिस्तियनसन यांनी नंतर सिडनीजवळ पॉट्स हिल इथे ग्रहणाची वाट न बघता सूर्याचे बारीक वेध घेण्यासाठी छोट्या डिशांची रांग उभारली. तिथलं काम संपल्यावर त्यातल्या बत्तीस डिशा भारताला मिळाल्या. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी त्या १९६५ मध्ये कल्याणजवळ उभ्या केल्या आणि सूर्यावरच रोखल्या. आपल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या रेडिओ दुर्बिणींपैकी ती एक. एकेक डिश सहा फुटांची. पुणे जिल्ह्यातल्या खोडदची जीएमआरटी ही तीस डिशांची मोठी रेडिओ दुर्बीण ज्यांनी उभी केली, त्यांची भारतातली सुरुवात अशी हाताच्या मापाच्या डिशांनी झाली. मुलांना मी हे आवर्जून सांगतो.

खग्रास ग्रहणात रेडिओ सूर्य पूर्ण विझतो का?

नाही. किती विझतो ते तरंगलांबीवर आहे. मीटरच्या तरंगलांबीवर रेडिओ सूर्य चंद्राहून बराच मोठा, त्यामुळे तिथे खग्रास असं कधी होतच नाही, चंद्राभोवती जाड कंकण उरतं. सेंटीमीटरच्या तरंगलांबीवर सूर्य दिसतो त्याहून किंचितच मोठा असतो, तिथे पातळी अगदी खाली येते. तरी शून्य होत नाही, कारण चंद्र स्वतःसुद्धा थोड्या लहरी देतो. १२ गिगाहर्ट्झवर सूर्य अकरा-बारा हजार केल्विनचा भासतो आणि चंद्र दोनशे केल्विनच्या आसपास.

२०२७ ला सोलापुरातून खग्रास दिसणार?

नाही, इथून खंडग्रासच, आणि तेही बिंबाचा थोडा भाग झाकणारं. खग्रासाचा पट्टा स्पेनचं दक्षिण टोक, उत्तर आफ्रिका, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन असा जातो. इजिप्तमध्ये लक्सरजवळ खग्रास सहा मिनिटांहून जास्त टिकेल. आपल्याकडे ग्रहण दुपार कलल्यावर, सूर्य पश्चिमेकडे उतरत असताना लागेल. स्पर्श आणि मोक्षाच्या सोलापूरच्या नेमक्या वेळा त्या वर्षीच्या पंचांगातून घ्या, मुंबईच्या वेळेवर जाऊ नका.

त्या दिवशी आषाढ अमावस्या आहे, दिव्यांची अवस. आणि सोलापूरचा शून्य सावलीचा दिवसही याच सुमारास येतो, कारण सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचं त्याचं उत्तर-दक्षिण अंतर) तेव्हा साडेसतरा अंशांच्या पुढेमागे असते आणि आपलं अक्षांशही तेवढंच. म्हणजे भर दुपारी खांबाची सावली पायाखाली गडप होणार आणि त्यानंतर काही तासांनी सूर्याला ग्रहण. अशी तारीख पुन्हा कधी जुळेल कोण जाणे.

त्याआधीचं १२ ऑगस्ट २०२६ चं खग्रास ग्रहण घडतं तेव्हा आपल्याकडे रात्र असते. पुढे २१ मे २०३१ ला केरळ-तामिळनाडूत कंकणाकृती आहे, आणि २० मार्च २०३४ ला काश्मीर-लडाख भागात खग्रास.

ऑगस्टात आभाळ भरलेलं असतं. सगळी मेहनत पाण्यात जाणार नाही का?

याच भीतीपोटी आम्ही रेडिओकडे वळलो. सोलापूर पर्जन्यछायेत आहे, पाऊस बेताचाच, पण ऑगस्टात ढग मात्र ठाण मांडून बसतात. चष्मे घेऊन गच्चीवर उभ्या राहिलेल्या मुलांचे चेहरे ढगांनी कसे उतरतात ते मी पाहिलंय. साध्या ढगांतून १२ गिगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ जशाच्या तशा खाली येतात. मुसळधार पावसाची गोष्ट वेगळी. जोराची सर आली की घरचा टीव्ही जातो, हे कोणाला सांगायला नको. नुसतं झाकोळलेलं आभाळ असेल तर मीटरचा काटा आपलं काम करत राहतो.

घरच्या टीव्हीच्या डिशने खरंच सूर्य ‘ऐकू’ येतो?

येतो, आणि तुम्ही तो ऐकलाही आहे. मार्चचा दुसरा आठवडा आणि सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना, दिवसा काही मिनिटं टीव्हीचं चित्र तुटतं, असं सलग काही दिवस होतं. त्या वेळी सूर्य आपल्या डिशच्या रेषेत नेमका उपग्रहाच्या मागे आलेला असतो आणि त्याच्या लहरी उपग्रहाचा क्षीण संदेश बुडवतात.

सामान असं. वापरात नसलेली साठ सेंटीमीटरची डिश भंगारवाल्याकडे मिळते. चालू कनेक्शनची डिश हलवू नका, घरचे रागावतील आणि पुन्हा नेम लावायला माणूस बोलवावा लागेल. एलएनबी, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावर बसवलेला लहरी पकडणारा डबा, मात्र चांगल्या अवस्थेतला घ्या. मोजायला दोन मार्ग. पहिला, डिश लावणारे वापरतात तो सॅटफाइंडर मीटर. स्वस्त आहे, शाळकरी मुलांना पुरतो. दुसरा, आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला जोडायचा छोटा रेडिओ) आणि लॅपटॉप, ज्यात आकडे आपोआप नोंदले जातात. एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट लागतात, ते वेगळ्या पॉवर इन्सर्टरमधून द्या. आणि हे व्होल्ट केबलमधून उलटे डोंगलमध्ये शिरणार नाहीत यासाठी मधे डीसी ब्लॉक हवाच. माझं पहिलं डोंगल मी याच चुकीने जाळलं. धूरही निघाला नाही, नुसतं मुकं झालं, आणि संध्याकाळभर मी केबलला दोष देत बसलो.

डिश सूर्याकडे नेमकी कशी वळवायची?

सूर्याकडे डोळे लावून नक्कीच नाही. आपल्या डिशा तिरप्या बांधणीच्या असतात, डिशचं तोंड जिकडे दिसतं तिकडे तिचा नेम नसतो. आम्ही घागऱ्यावर लावतात तसली चिमुकली आभली घेतो आणि चार-पाच डिशच्या पृष्ठभागावर चिकटवतो. डिश हलवताना त्यांचे कवडसे एलएनबीच्या तोंडावर एकत्र आले की नेम बसला. आभली मोजकीच लावा. चकचकीत कागदाने सगळी डिश मढवलीत तर एकवटलेल्या उन्हाने एलएनबीचं प्लास्टिक वितळेल. ग्रहणाच्या दिवशी ढग असतील तर कवडसे मिळणार नाहीत, म्हणून आदल्या काही दिवसांत जेव्हा ऊन पडेल तेव्हा त्याच वेळेच्या डिशच्या जागा खडूने आखून ठेवा. सूर्य दिवसादिवसाला अगदी थोडा सरकतो, तेवढी चूक डिशच्या रुंद नजरेत खपते.

सूर्य चार मिनिटांना एक अंश सरकतो. दर दोन मिनिटांनी डिश किंचित वळवायची आणि काटा जिथे सर्वांत वर जाईल तोच आकडा लिहायचा. एकाने डिश, एकाने मीटर, एकाने घड्याळ आणि वही. ताल जमायला तीन-चार तालमी लागतात. टीव्हीच्या उपग्रहांच्या रांगेची काळजी नको, त्या दिवशी सूर्य तिच्यापासून वीसेक अंश दूर असेल.

काटा हलला म्हणजे ग्रहणामुळेच हलला, हे कशावरून?

इथेच सगळी कसोटी आहे. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. एलएनबी तापला की त्याची वाढवण्याची ताकद बदलते, आणि सूर्याला काहीही झालेलं नसताना काटा उतरायला लागतो. आमच्या पहिल्या तालमीत आलेख इतका सुंदर उतरला की मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी ग्रहणच नव्हतं! त्या आलेखाची प्रत मी अजून भिंतीवर ठेवली आहे.

उपाय जुना आणि खात्रीचा आहे. दर दहा मिनिटांनी डिश आधी मोकळ्या आकाशाकडे वळवा आणि आकडा लिहा, मग घराच्या भिंतीकडे वळवा आणि आकडा लिहा, मग पुन्हा सूर्य. आकाश थंड, भिंत साधारण तीनशे केल्विनची. ही दोन मापं म्हणजे तराजूची वजनं. सूर्याचा आकडा त्यांच्या तुलनेत मांडला की तापलेल्या एलएनबीची लबाडी वजा होते. साठ सेंटीमीटरच्या डिशवर सूर्य मोकळ्या आकाशापेक्षा दुपटीहून जास्त भरतो, त्यामुळे बिंबाचा लहानसा भाग झाकला गेला तरी उतार दिसायला हवा. डोंगल वापरत असाल तर आपोआप आवाज वाढवणारी सोय आधी बंद करा. नाहीतर ते बिचारं सूर्य मंद झाला की स्वतःच भरपाई करेल आणि तुमची रेघ सपाट राहील.

ग्रहण संपल्यावर त्या दिवशीचं सूर्याचं छायाचित्र इंटरनेटवरून घ्या, डाग कुठे होते ते बघा आणि चंद्राची कड त्यांच्यावर कधी आली ते काढा. त्या क्षणाला तुमच्या आलेखात पायरी आहे का? सूर्यावरचे डाग वाढण्या-घटण्याच्या सध्याच्या चक्राचा जोर २०२४ च्या सुमारास शिगेला पोचला होता, २०२७ मध्ये तो उतरणीला लागलेला असेल. तरी एखादा मोठा डाग नेमका चंद्राच्या वाटेत आला, तर कव्हिंग्टन यांनी पाहिलं तसलं काही तुमच्या वहीत उमटू शकतं.

शहरात एवढे यंत्रमाग, मोबाइल टॉवर. त्यांच्या गोंगाटात सूर्य ऐकू येईल?

१२ गिगाहर्ट्झवर येईल. यंत्रमागांच्या विजेच्या मोटरींमधल्या ठिणग्यांचा गोंगाट मुख्यतः खालच्या वारंवारतांवर असतो. तुम्हाला मीटरच्या तरंगलांबीवर प्रयोग करायचा असेल तर मात्र यंत्रमागांच्या वस्तीपासून लांब, अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याच्या बाजूला एखाद्या शेतात जा. ही तक्रार फार जुनी आहे. ऑलिव्हर लॉज यांनी १८९० च्या दशकात सूर्याच्या रेडिओ लहरी पकडण्याचा प्रयत्न केला होता. लिव्हरपूल शहरातल्या विजेच्या गोंधळाने तो फसला.

आपल्या जिल्ह्याचा ग्रहणांशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे याची मला खंत वाटते.

२२ जानेवारी १८९८ ला खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकणातून घाट चढून देशावर आला आणि करमाळा तालुक्यातल्या जेऊरवरून गेला. आज मुंबईच्या गाडीत बसून तुम्ही ज्या जेऊर स्टेशनवरून जाता तेच जेऊर. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल आपली मोठाली यंत्रं घेऊन तिथे माळावर तळ ठोकून होते. त्यात चाळीस फूट लांबीचा कॅमेरा होता. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला हेही आपल्या तुकडीसह जेऊरलाच होते, आणि त्या वेधांचा सविस्तर अहवाल त्यांनी पुढे प्रसिद्ध केला. त्याच दिवशी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गावर होते. जेऊरला खग्रास टिकलं जेमतेम दोन मिनिटं, आणि त्या दोन मिनिटांसाठी माणसं जहाजाने आणि आगगाडीने महिना-महिना प्रवास करून आली होती.

त्या क्षणी करोनातून निघालेल्या रेडिओ लहरीही जेऊरच्या माळावर पडतच होत्या. त्या ओळखायला आणखी चव्वेचाळीस वर्षं जायची होती. माझ्या मनात आहे की ग्रहणाआधी एकदा मुलांना घेऊन जेऊरला जावं आणि त्याच माळावर आपली डिश लावून सूर्याचं एक माप घ्यावं.

१९८० च्या १६ फेब्रुवारीला खग्रासाचा पट्टा आपल्या दक्षिणेला, कर्नाटक आणि आंध्रातून गेला. तेव्हा हैदराबादजवळच्या जपाल-रंगापूर वेधशाळेतून रेडिओ दुर्बिणीनेही वेध घेतले गेले.

“सर, ग्रहणाचे वेध लागल्यावर पोरांना गच्चीवर कसं पाठवू? आणि सून पोटुशी आहे.”

एका आजींनी हे अगदी काळजीने विचारलं, आणि मी त्यांना गच्चीवर बोलावून मीटर दाखवला. आजी, ग्रहणात सूर्याकडून नवं काहीच येत नाही. रोज जे येतं त्यातलं थोडं चंद्र अडवतो, म्हणून काटा खाली जातो, वर नाही. अन्नाला काही होत नाही, पोटातल्या बाळालाही नाही. सुनेने खावं-प्यावं, बसावं-उठावं, रोजच्यासारखं. ज्यांना आंघोळ-जप करायचा त्यांनी मनापासून करावा, त्याला आमची कधीच हरकत नाही.

धोका एकच, उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघण्याचा. ग्रहणासाठीचे प्रमाणित चष्मेच वापरा. गॉगल, एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच यांतलं काहीही चालत नाही. इथून ग्रहण खंडग्रास आहे, त्यामुळे चष्मा एक क्षणही काढायचा नाही.

एवढ्या मोठ्या दुर्बिणी असताना आपल्या डिशचा काय उपयोग?

खोडदला जीएमआरटी आहे, बंगळुरूच्या उत्तरेला गौरीबिदनूरला खास सूर्यासाठीच उभारलेला अँटेनांचा संच आहे, आणि इस्रोचं आदित्य एल-१ यान जानेवारी २०२४ पासून आपल्या जागेवरून सूर्याकडे एकटक बघत आहे. आपल्या डिशमधून त्यांना ठाऊक नसलेलं काही निघेल, असं मी मुलांना सांगत नाही. पण ज्या मुलाने स्वतःच्या हाताने सूर्य, आकाश आणि भिंत मोजली, त्याला पुढे कोणी कसलाही आलेख दाखवला तरी तो पहिलं विचारतो, “वजनं कोणती वापरली?” एवढ्यासाठी मी कितीही उन्हात उभा राहायला तयार आहे.

डिश नाही, पैसे नाहीत. साध्या रेडिओवर काही करता येईल?

थोडंफार. मीडियम वेव्हच्या दूरच्या स्टेशनांचा आवाज दिवसा वातावरणाच्या वरच्या, सूर्यामुळे विद्युतभारित झालेल्या थरात शोषला जातो. ग्रहणात तो थर थोडा विरळ होतो आणि लांबचं स्टेशन जरा स्पष्ट येऊ शकतं. खग्रासाच्या पट्ट्याजवळ हा परिणाम चांगला जाणवतो. आपल्याकडे ग्रहण लहान आहे, शिवाय संध्याकाळ जवळ आली की हे तसंही घडतं, त्यामुळे आदल्या आणि नंतरच्या दोन-तीन दिवसांच्या नोंदी त्याच वेळी घेतल्याशिवाय काही म्हणू नका.

ऐन ग्रहणात पाऊसच आला तर?

एलएनबीवर प्लास्टिकची पातळ पिशवी आधीच बांधून ठेवा. लॅपटॉप जिन्यात, कोरड्या जागी. विजा चमकत असतील तर सगळं सोडून खाली या, आकडे पुन्हा मिळतील. नुसती सर असेल तर मोजणं थांबवू नका. सर कधी आली आणि कधी गेली हे मिनिटासकट वहीत लिहा. तो आकड्यांचा खड्डा पावसाचा, हा चंद्राचा, असं दोन्ही वेगवेगळं दाखवता आलं पाहिजे. वही पेन्सिलनेच लिहा, पेनाची शाई पावसात फुटते.